आमच्या दारातला लाल दिवा

सोमवार, ६ नोव्हेंबर

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होते तेव्हा मी वही ठेवत असे, साहेबांविषयीच्या तक्रारींची. आता नोकरी नाही, साहेब नाहीत. गल्ली आहे. तक्रारी तेवढ्याच आहेत, म्हणून वही पुन्हा काढली.

काल संध्याकाळी पुन्हा बॅटरी बसली. कंपनीची वीज रोज दिवेलागणीला जाते आणि लोकांची जेवणं उरकली की परत येते. म्हणून तर गल्लीने मिळून जुन्या गोदामाच्या छपरावर सौर पॅनेल बसवली, गोदामाच्या पुढच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या आणि घराघरांत, दुकानांत वेगळी वायर ओढली. दिवसा ऊन साठवायचं आणि संध्याकाळी वाटून वापरायचं. यातलं 'वाटून' सोडून बाकी सगळं लोकांना समजलं.

संयोजक मी. कशी झाले? पहिल्या सभेत 'जबाबदारी कोण घेतं?' असा प्रश्न आल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी तेवढी समोर बघत होते.

कोणी विचारलं तर मी गल्लीच्या भल्यासाठी वगैरे सांगते. वहीत कशाला खोटं लिहू? मी हे सगळं सासूबाईंच्या मशीनसाठी केलं. त्यांच्या फुप्फुसांना हवा पुरत नाही. मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकाशी देतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत नळी काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. माझे यजमान गेले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी ठेवून गेले, हत्यारांची पेटी आणि आई. पेटी निदान बोलत नाही.

काल मशीन बंद पडलं आणि मी अडीअडचणीसाठी ठेवलेला छोटा सिलिंडर लावायला धावले. घाईत चावी उलट्याच बाजूला फिरवत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "सावकाश कर. मी काही पळून जात नाही." अशा वेळी सुद्धा टोमणा!

गुरुवार, ९ नोव्हेंबर

गोदामात सभा. आभाळ भरलेलं असतं त्यामुळे ऊन कमी, वीज कमी, आणि वापर मात्र आहे तेवढाच. हे मी सांगितलं. मग प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेतलं.

बेकरीवाला म्हणाला, लॉन्ड्रीवाल्या काकू संध्याकाळी इस्त्री चालवतात. काकू म्हणाल्या, "आणि तुझं ते पीठ मळायचं यंत्र काय हवेवर चालतं का रे?" प्रोफेसर उठून उभे राहिले आणि सामूहिक साधनसंपत्तीवर बोलले. ते बसले तोवर चहा गार झाला होता. त्यांच्या घरी पाय शेकायचा हीटर आहे हे काकूंनी त्यानंतर सांगितलं.

शेवटी बेकरीवाल्याने टेबलावर हात आपटला. "ताई, महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर मी बाहेर पडतो. माझा स्वतःचा जनरेटर आणतो." तो बाहेर पडला की आणखी चार दुकानं पडणार, आणि मग ही योजना चालवायला उरणार मी आणि प्रोफेसरांचं भाषण.

मग मी माझा तोडगा सांगितला. प्रत्येकाच्या दारावर एक छोटा दिवा. घर आपल्या वाट्यात असेल तर हिरवा, वाट्याबाहेर गेलं की लाल. दंड नाही, तोडणं नाही. नुसता दिवा. माणसं नियमाला घाबरत नाहीत, शेजाऱ्यांच्या नजरेला घाबरतात, हे मी एक्सचेंजमध्ये शिकले आहे. सगळ्यांनी हात वर केले, कारण प्रत्येकाला वाटलं की लाल दिवा दुसऱ्याच्या दारावर लागणार.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

दिवे लागले आणि गल्लीची झोप उडाली! बेकरीवाल्याने आपल्या दिव्यावर पावाची कागदी पिशवी घातली, ती काकूंनी स्वतः स्टुलावर चढून काढली. काकू आता इस्त्री दुपारी करतात. प्रोफेसरांचा दिवा हिरवा आहे आणि ते त्याच्याखाली खुर्ची टाकून बसतात, पायांत दोन दोन मोजे घालून.

आणि आमचा? आमचा लाल. मशीन, फ्रिज, टीव्ही, स्वयंपाकघरातला दिवा, एवढं झालं की गेलाच वाट्याबाहेर. दिवे बसवणारा वायरमन भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, तुमच्या मशीनची वायर मी दिव्याला न जोडता वेगळी घेतो. कोणी काही म्हणणार नाही." मी त्याला धुडकावून लावलं. संयोजकाच्या घराला वेगळी वायर? उद्या बेकरीवाला म्हणेल, माझं यंत्र पण आजारी आहे. नियम सगळ्यांना सारखा. मशीनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, समजून घेतील.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

समजून घेतील म्हणे!

आज गोदामातून येताना प्रोफेसरांनी हाक मारली. "वा मॅडम! सगळ्या गल्लीला हिरवं केलंत आणि संयोजकांच्याच दारात लाल?" वर हसले. आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे बोलायचं राहिलं ते सगळं घरी येऊन बोलले. भांडी आपटत आपटत बोलले. मी म्हटलं, सगळ्या गावाला शहाणपण शिकवायचं आणि आपल्याच दारात लाल दिवा, उद्या सभेत कोणत्या तोंडाने उभी राहू? बेकरीवाल्याला तर आयतंच कोलीत मिळालं.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी करून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे विशेष. मग विचारलं, "तो लाल कशाने होतो गं नक्की?" मी सांगितलं, घरात जे जे चालू असतं त्या सगळ्याने. "आणि सगळ्यात जास्त कशाने?" मी म्हटलं, "ते जाऊ द्या, तुम्ही जेवा." जेवण अर्धं टाकून उठल्या. भाजीत मीठ कमी असेल. सांगतील तर शपथ.

सोमवार, २० नोव्हेंबर

आनंदाची बातमी. आमचा दिवा हिरवा!

मी रोज दिवेलागणीला गोदामात जाते, बॅटरी बघते, वायरमनशी बोलते, आणि कंपनीची वीज यायच्या सुमाराला परत फिरते. कोपऱ्यावरून पूर्ण गल्ली दिसते. काल आणि आज दोन्ही दिवस आमचं दार हिरवं. प्रोफेसरांना मुद्दाम थांबून दाखवलं. कसं झालं विचाराल तर मी स्वयंपाकघरातला बल्ब बदलून कमी वॅटचा लावला. एवढ्याशा गोष्टीने फरक पडतो, हेच तर मी लोकांना सांगत असते.

सासूबाईंनी आपली खुर्ची खिडकीशी लावून घेतली आहे. त्यांना तिथून समोरच्या भिंतीवर आमच्या दिव्याचा उजेड दिसतो. म्हणाल्या, "हिरवा बरा दिसतो. आयुष्यात कधी चार लोकांच्या डोळ्यावर आले नाही, आता म्हातारपणी कशाला." त्यांना एवढा रस आहे हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

गल्ली सुधारली. बॅटरी आता कंपनीची वीज येईपर्यंत टिकते आणि वर थोडी उरते. बेकरीवाला गुरगुरतो, पण पीठ दुपारी मळतो. मी खूश व्हायला हवं, पण आमचा दिवा मला खूश होऊ देत नाही.

प्रकार असा आहे. कोपऱ्यावरून बघते तर हिरवा. चालत येते, हिरवा. फाटक उघडते, ते कुरकुरतं, आणि मी पायऱ्या चढेपर्यंत लाल! रोज. जणू दिव्यालाच माझा राग आहे. वायरमनला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, दिव्यात काही दोष नाही. घरात काहीतरी चालू होत असेल." मी म्हटलं, "घरात फक्त सासूबाई आहेत, त्या काय चालू करणार? कामात लक्ष दे." तो सासूबाईंकडे बघायला लागला, सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझा आवाज जरा चढला होता, म्हणून दोघांना अवघडल्यासारखं झालं असेल.

रविवार, २६ नोव्हेंबर

नणंदेचा फोन. ती दूर राहते, त्यामुळे तिला सगळं जास्त कळतं. "वहिनी, आईचा आवाज असा का येतोय? वाक्य पुरं करत नाही." मी म्हटलं, "तुझी आई आयुष्यात प्रथमच कमी बोलते आहे, मला जरा सुख घेऊ दे." ती हसली नाही. "मशीन नीट चालतंय ना?" मी म्हटलं, "बाई गं, त्या मशीनसाठी मी सबंध गल्लीशी भांडते, आणि तू मला विचारतेस?" राग आला. फोन ठेवल्यावरही उतरला नाही.

सासूबाई थकलेल्या दिसतात, हे खरं. दुपारीसुद्धा झोपतात. टोमणे मारत नाहीत. परवा चहात साखर नव्हती, तरी मुकाट्याने प्यायल्या. नखं जरा काळसर दिसली, पण थंडी पडली आहे, माझीही दिसतात. लोकरीचे मोजे काढून दिले.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

उद्या मोठी सभा. बेकरीवाला राहणार की जाणार ते ठरेल. मी भाषण तयार केलं आहे. सुरुवातच अशी आहे की, आमच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालतं, तरी आमच्या दारात हिरवा दिवा आहे, मग तुम्हाला काय अडचण? याला उत्तर नाही कोणाकडे.

फाटकाची कुरकुर डोक्यात जात होती. वायरमन, सुतार, कोणाला सांगून होत नाही. आज यजमानांची पेटी उघडून मीच बिजागरीत तेल घातलं. आता लोण्यासारखं उघडतं. कौतुक करणं दूर राहिलं, सासूबाई चिडल्या. "कशाला घातलंस तेल? कोण येतं जातं काही कळणार नाही." म्हटलं, चला, तब्येत सुधारली, चिडायला लागल्या.

शनिवार, २ डिसेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाईट येतं आहे.

बुधवारी सभेत मी ते भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाला म्हणाला, "ताईंच्या घरी जमतं तर मला न जमायला काय झालं? राहतो मी." सगळं माझ्या मनासारखं झालं. सभा लवकर संपली म्हणून मी नेहमीच्या आधीच घरी निघाले. कोपऱ्यावरून पाहिलं, हिरवा. फाटक उघडलं, आवाज नाही. पायऱ्या चढले, हिरवाच. मला वाटलं, अखेर वायरमनने नीट केला.

दार उघडलं आणि घर गप्प होतं. मशीनची घरघर नव्हती. वीज गेली म्हणावं तर फ्रिज चालू होता, स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. सासूबाई खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून बसल्या होत्या, नळी गळ्यात लोंबत होती, ओठ निळे. मशीनचं बटण भिंतीवर त्यांच्या हाताशी होतं. बंद केलेलं.

कोणाला हाक मारली आठवत नाही. टाळ्या वाजवणारे सगळे धावत आले. बेकरीवाल्याने पावाची गाडी दारात आणली, ट्रे रस्त्यावर फेकून दिले. प्रोफेसर सिलिंडर धरून गाडीत बसले, पायांत मोजेच होते. मी पूर्ण रस्ताभर सासूबाईंचा हात धरून त्यांना शिव्या देत होते.

डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिवसांपासून रोज काही तास ऑक्सिजन मिळालेला दिसत नाही. मी म्हटलं, शक्य नाही. मग मला तो लाल होणारा दिवा आठवला. फाटक कुरकुरलं की त्या मशीन चालू करत होत्या. मी पायऱ्या चढायच्या आत.

मी वायरमनला फैलावर घेतलं होतं. नणंदेला बोलले होते. भाषणात मिरवलं होतं. बसल्या बसल्या हेच आठवत राहतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मंगळवार, ५ डिसेंबर

धोका टळला आहे. आज बोलू दिलं, आणि आम्ही भांडलो. नर्स दोनदा येऊन गेली.

मी विचारलं, "आई, असं का केलंत?"

"तूच म्हणालीस ना, कोणत्या तोंडाने उभी राहू?"

"मी हजार गोष्टी म्हणते! त्या कधीपासून ऐकायला लागलात? मीठ जास्त खाऊ नका म्हणते ते ऐकता का?"

"हे पटलं म्हणून ऐकलं." दम खायला थांबल्या. "माझ्यापायी तुला चारचौघांत खाली बघायला लागावं? आणि मी काय, खुर्चीत बसून असते. थोडा वेळ नळी नसली तर काय होतं, असं वाटलं. पहिले दोन दिवस काही झालं नाही."

"अहो, मग फ्रिज बंद करायचा होता! टीव्ही बंद करायचा होता! बंद करायला तुम्हाला मशीनच सापडलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "फ्रिजमध्ये दूध असतं. नासलं असतं ना."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आता काय झालं रडायला?" मग लोकरीच्या मोज्यातला पाय माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "जरा दाब. बधिर झालाय."

रविवार, १० डिसेंबर

घरी आलो. गोदामात सभा झाली, या वेळी मी बोलावली नव्हती. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या भाषणासकट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू म्हणाल्या, जळले मेले ते दिवे, काढून टाका. बेकरीवाला म्हणाला, दिवे काढले तर मी पुन्हा संध्याकाळी पीठ मळेन, माझा मला भरवसा नाही. प्रोफेसर पहिल्यांदाच थोडक्यात बोलले. "मी हसलो होतो त्या दिवशी," एवढंच म्हणाले आणि बसले.

ठरलं असं की बॅटरी कितीही उतरली तरी आमच्या मशीनची वीज शेवटपर्यंत तोडायची नाही. दिवे राहतील. वायरमनने पुन्हा विचारलं, "ताई, आता तरी मशीनची वायर वेगळी घेऊ? म्हणजे तुमचा दिवा हिरवा राहील."

"नको," मी म्हटलं. "लालच राहू दे. मला कोपऱ्यावरून दिसला पाहिजे."

सासूबाईंना हे अजिबात आवडलेलं नाही. "सगळ्या गल्लीत मीच लाल दिवा लावून बसू?" म्हटलं, हो, तुम्हीच बसा. बिजागरीतलं तेल पुसून काढलं आहे, पण फाटक अजून कुरकुरत नाही.

गुरुवार, १४ डिसेंबर

चार दिवस सगळं ठीक होतं. कोपऱ्यावर येते, लाल दिसतो, मग सावकाश चालते. काकू दारातून ओरडतात, "लाल आहे गं, ये निवांत!"

आज कोपऱ्यावर आले आणि हिरवा.

कशी धावले मला माहीत नाही. एक चप्पल बेकरीसमोर राहिली. बेकरीवाला गाडीची किल्ली घेऊन माझ्यामागे, काकू त्याच्यामागे. दार ढकललं. आत काळोख. काळोखात मशीनची घरघर.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, नाकाला नळी, हात मांडीवर. इतकं खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बघ," म्हणाल्या. "मशीन चालू आणि दिवा हिरवा. फ्रिज बंद केला, टीव्ही बंद केला, सगळे दिवे मालवले. तूच सांगितलंस ना?"

बेकरीवाला पायरीवर बसला आणि गदागदा हसायला लागला. काकू म्हणाल्या, "धन्य आहे बाई या घराची," आणि माझी चप्पल आत टाकून गेल्या.

"आई," मी म्हटलं, "काळोखात बसलात. पडला असतात म्हणजे?"

"खुर्चीतून कशी पडेन?"

"फ्रिज कधी बंद केलात?"

"तू सकाळी बाजारात गेलीस तेव्हाच. म्हटलं, आयत्या वेळी विसरायला नको."

फ्रिज उघडला. दूध नासलं होतं, दोन्ही पातेली. मी ओट्याशी उभं राहून मनसोक्त बोलले. दुधावर बोलले, हट्टीपणावर बोलले, फाटकावरसुद्धा बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मध्ये मध्ये उलट उत्तरंही दिली, पुरी वाक्यं, एका दमात.

मग मी फ्रिज चालू केला, दिवे लावले, टीव्ही लावला. समोरच्या भिंतीवरचा हिरवा उजेड गेला आणि लाल पडला.

"केलास ना परत," सासूबाई म्हणाल्या.

"केला," मी म्हटलं, आणि नासलेलं दूध टाकायला मोरीकडे गेले.